तिन्हीसांजेला आपोआप लागणारं खुराड्याचं दार: एलडीआर, आर्डुइनो आणि सर्व्हो मोटर

जांबोटीकडं, खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, आमच्या काका-काकूंचं घर आहे. परसात फणस, फणसाखाली खुराडं, आणि परड्याच्या पलीकडं लगेच रान सुरू होतं. दिवेलागणीला कोंबड्या आपापल्या पायांनी आत जातात, त्यांना हाकलावं लागत नाही. पण दार लावायला माणूस लागतो. लग्नाला गेलं, जत्रेला गेलं, बेळगावला दवाखान्यात थांबावं लागलं, की दार उघडं राहतं, आणि एखाद्या रात्री उदमांजर येऊन जातं. दोन वर्षांत काकूंच्या नऊ कोंबड्या अशा गेल्या. मी बेळगावात, उद्यमबागेत लेथवर काम करतो. दार लावणारं यंत्र आपण करायचं असं ठरवलं आणि केलं. ते कसं केलं, कुठं चुकलं आणि आता ते कसं चालतं, हे सगळं इथं सांगतो. तुमच्याकडं कोंबड्या नसतील तरी सेन्सरचा आकडा वाचून सर्व्हो मोटर फिरवण्याचं काम असंच असतं. रोपवाटिकेची झडप असो, पाटाची छोटी फळी असो, पायऱ्या याच.

घड्याळ लावून दार का बंद करत नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आपल्याकडं नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि जुलैत सात वाजून गेल्यावर. तासाभराचा फरक पडतो. कोंबडी घड्याळ बघत नाही, ती उजेड बघते. मग यंत्रानंही उजेडच बघावा.

सामान

आर्डुइनो उनो बोर्ड एक, म्हणजे प्रोग्रॅम भरता येतो असा छोटा कंट्रोलर. एमजी ९९६ आर सर्व्हो एक. याचे आतले गिअर धातूचे असतात. निळ्या रंगाचा छोटा एसजी ९० स्वस्त मिळतो, पण त्याचे गिअर प्लास्टिकचे. टेबलावर शिकायला तो उत्तम, दाराला नको. पाच मिमीचा एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर, एक, १० किलोओहमचा रेझिस्टर एक, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर एक. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, आणि १२ चे ६ व्होल्ट करणारं एलएम २५९६ चं छोटं मॉड्यूल. दाराला लावतात तो, चुंबक जवळ आला की मिटणारा रीड स्विच, एक पुश बटण, एक लाल एलईडी, एक बझर. एलईडीसाठी २२० ओहमचा रेझिस्टर. पाणी न शिरणारा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स. आणि वेल्डिंगचा ३.१५ मिमीचा एक रॉड. तो कशाला, ते पुढं येईल. मल्टिमीटर नसेल तर शेजाऱ्याकडून मागून आणा, पण त्याच्याशिवाय सुरुवात करू नका.

सर्व्होच्या पोटात काय आहे

साध्या मोटरला वीज दिली की ती फिरत राहते. सर्व्होला नेमका कोन सांगता येतो, कारण तिच्या आत चार वस्तू एकत्र बसवलेल्या असतात: छोटी डीसी मोटर, वेग कमी करून ताकद वाढवणारे गिअर, शाफ्टला जोडलेला पोटेन्शिओमीटर (फिरवला की अवरोध बदलणारा रेझिस्टर) आणि एक सर्किट. शाफ्ट कुठं आहे ते पोटेन्शिओमीटर सांगतो, कुठं हवा ते आपण सांगतो, आणि दोन्हींतला फरक संपेपर्यंत सर्किट मोटर फिरवत राहतं.

आपण सांगतो ते पल्सच्या लांबीनं. दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, जाते. ती दीड मिलिसेकंदाची असली तर शाफ्ट मध्यावर, एकच्या जवळ असली तर एका टोकाला, दोनच्या जवळ असली तर दुसऱ्या टोकाला. आर्डुइनोच्या सर्व्हो लायब्ररीत आपण कोन लिहितो, पल्सचं गणित ती करते. एक मात्र ध्यानात ठेवा. ही लायब्ररी वापरली की उनोच्या ९ आणि १० नंबरच्या पिनांवर दिवा मंद-प्रखर करण्यासारखं अ‍ॅनालॉग राइटचं काम होत नाही.

सर्व्होला तीन वायरी असतात. तपकिरी ग्राउंड, लाल प्लस, नारिंगी सिग्नल. काही कंपन्यांत ग्राउंड काळी आणि सिग्नल पांढरी असते. लाल नेहमी मधे.

आधी दार, मग वीज

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. बहुतेक जण उलट करतात. आधी प्रोग्रॅम, आणि शेवटी सर्व्होला दोरी बांधून दार ओढायला लावतात. वर सरकणारं दार दोरीनं धरून ठेवायचं म्हणजे सर्व्होनं रात्रभर वजन पेलायचं. ती गुणगुणत राहते, तापते आणि महिन्याभरात जाते. लाईट गेली तर दार खाली आपटतं ते वेगळंच.

म्हणून दार बिजागरीवर ठेवा, म्हणजे वजन बिजागरी घेईल. माझं दार ३० बाय ३० सेंटिमीटरचं प्लायचं आहे आणि बाहेर उघडतं. बाहेरून जनावरानं ढकललं तर ते चौकटीवर टेकतं. राहिलं ओढणं. ते अडवायला लेथवाल्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट वापरली: डेड सेंटर. सर्व्होच्या शाफ्टवर बसतो तो हॉर्न आणि त्याला जोडलेला दांडा एका रेषेत आले, की दांड्याला कितीही ओढा, तो ओढ शाफ्टच्या मध्यातून जातो आणि शाफ्ट फिरत नाही. म्हणजे बंद दाराला सर्व्होची ताकद लागतच नाही. तिची वीज तोडली तरी दार बंदच.

मापं देतो, कागदावर काढून बघा. दाराच्या आतल्या बाजूला एक छोटी कोनपट्टी बसवा. तिचं छिद्र बिजागरीच्या पिनेपासून ४ सेंटिमीटरवर. सर्व्होचा शाफ्ट त्या छिद्राच्या बरोब्बर मागं, आत १२ सेंटिमीटरवर, उभा, म्हणजे बिजागरीच्या पिनेला समांतर. हॉर्नवर अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी स्क्रूनं बसवून शाफ्टच्या मध्यापासून २.२ सेंटिमीटरवर छिद्र पाडा. दांड्याची लांबी छिद्र ते छिद्र १४.२ सेंटिमीटर. दार बंद असताना हॉर्न दाराकडं पाठ करून, आतल्या दिशेला असतो आणि दांडा त्याच्यावरून परत दाराकडं येतो: १४.२ मधून २.२ वजा, राहिले १२. हॉर्न १६० अंश फिरला की दार ८० अंशांच्या आसपास उघडतं. कोंबडीला तेवढं भरपूर.

दांडा हॉर्नच्या वरून जातो, म्हणून मधल्या स्क्रूच्या डोक्याला तो अडकता कामा नये. खाली दोन वॉशर घालून त्याला उचला. नाहीतर डेड सेंटरच्या अलीकडंच तो स्क्रूवर टेकेल, आणि दार बंद दिसलं तरी आतून लॉक नसेल.

दांड्याला मी पहिल्यांदा सायकलचा स्पोक वापरला. दोन मिमीची ती तार ढकलताना धनुष्यासारखी वाकली. मग ३.१५ चा वेल्डिंग रॉड घेऊन त्याच्यावरचा लेप हातोडीनं झाडला आणि आतली सळी वापरली. दोन्ही टोकं काटकोनात वाकवायची, ३.२ मिमीची छिद्रं. हातानं दार ढकलून बघा. मऊ चाललं पाहिजे, पण लटपटत नको. बिजागरीला तेलाचे दोन थेंब द्या.

कोपऱ्यातला धोका सांगायलाच हवा. डेड सेंटरजवळ येताना तीच सर्व्हो अनेक पट जोर लावते. दाराच्या फटीत कोंबडीची मान किंवा तुमचं बोट आलं तर ती थांबणार नाही. म्हणून दाराच्या मोकळ्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा, दार सावकाश लावा आणि शेवटच्या थोड्या अंतराआधी ते क्षणभर थांबवा. हे प्रोग्रॅममध्ये कसं करायचं ते खाली आहे.

वीज

घरातून खुराड्यापर्यंत माझ्याकडं आठ मीटर अंतर आहे. २३० व्होल्ट तिकडं नेऊ नका. पावसाळ्यात भिजलेली माती, कोंबड्या, पोरं. अपघाताला निमंत्रण आहे ते. अडॅप्टर घरात राहू दे, १२ व्होल्ट वायरीनं न्या.

मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट सरळ का नेत नाही? हिशोब करू. अर्ध्या चौरस मिमीची तांब्याची वायर, जाऊन-येऊन १६ मीटर, म्हणजे अर्ध्या ओहमच्या थोडी वर. सर्व्होनं दीड अँपिअर ओढले की सव्वा-आठ दशांश, म्हणजे ०.८ व्होल्टच्या वर वायरीतच जातात, आणि सर्व्होपाशी उरतात जेमतेम ४.२. तेवढ्यावर ती धडपडते आणि बोर्ड रीसेट होतो. १२ व्होल्टमधून थोडे गेले तर काही बिघडत नाही, कारण ६ व्होल्ट तिथंच, खुराड्यापाशी तयार होतात.

एलएम २५९६ च्या मॉड्यूलवर पितळी स्क्रूचा छोटा पोटेन्शिओमीटर असतो. सर्व्हो जोडायच्या आधी, मल्टिमीटर लावून, तो फिरवत ६.० व्होल्टवर आणा. आधी जोडून मग फिरवायला गेलात आणि तो १० वर होता, तर सर्व्हो तिथंच संपली.

आता जोडणी. १२ व्होल्ट दोन ठिकाणी जातात: आर्डुइनोच्या गोल जॅकमध्ये आणि मॉड्यूलच्या इनपुटला. मॉड्यूलच्या आउटपुटमधून सर्व्होची लाल आणि तपकिरी वायर. या दोन वायरींच्या मधे, सर्व्होच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ, कपॅसिटर. त्याच्या अंगावर पट्टी असते ती बाजू मायनस, ती तपकिरीकडं. उलटा लावला तर फुगतो आणि फुटतो. सर्व्होची नारिंगी वायर पिन ९ ला. आणि मॉड्यूलचं ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडलंच पाहिजे. सर्व्होची वीज वेगळ्या अडॅप्टरवरून घेतली आणि ही एक वायर विसरली, की सर्व्हो वेड्यासारखी थरथरते, कारण सिग्नल मोजायला दोघांचा पाया एकच उरत नाही. सर्व्हो थरथरतेय असं सांगत माझ्याकडं जे येतात, त्यांच्याकडं मी आधी हीच वायर बघतो.

आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनेवर ही सर्व्हो चालवायचा मोह होईल. एमजी ९९६ आर अडली की दोन-अडीच अँपिअर मागते. बोर्डाची ती पिन तेवढं देऊ शकत नाही. दार अर्ध्यात आलं की बोर्ड बंद-चालू होतो, प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो, पुन्हा दार ओढतो, पुन्हा रीसेट. मी एक अख्खी संध्याकाळ प्रोग्रॅममधली चूक शोधत घालवली. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हती.

लाईट जाण्याचा प्रश्न आमच्याकडं पावसाळ्यात नेहमीचा. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, तिला योग्य चार्जर, आणि तिच्यावर हे सगळं. सर्व्हो दिवसात दोनदा काही सेकंद चालते, बाकी वेळ बोर्ड सुमारे ५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. तीन-चार दिवस लाईट नसली तरी दार आपलं काम करतं.

उजेड मोजायचा

एलडीआर म्हणजे कॅडमिअम सल्फाइडच्या नागमोडी पट्टीचा रेझिस्टर. उजेड वाढला की त्याचा अवरोध कमी होतो. त्याचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ए झिरो पिनेला. ए झिरोपासून १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. झालं. बोर्ड ० ते ५ व्होल्टला ० ते १०२३ असा आकडा देतो. या जोडणीत उजेड जास्त तर आकडा मोठा.

रेझिस्टर १० किलोओहमचाच का, याला कारण आहे. नेहमी मिळणाऱ्या एलडीआरचा अवरोध १० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेडाला १० ते २० किलोओहमच्या घरात असतो, आणि १० लक्स म्हणजे नेमकी आपली तिन्हीसांज. दोन्ही अवरोध जवळपास सारखे असतात तिथं आकडा सगळ्यात जास्त हलतो. भर दुपारी आकडा हजाराजवळ चिकटून बसला तरी आपलं काही अडत नाही.

सूर्य बुडताना उजेड साधारण ४०० लक्स असतो. आपल्या अक्षांशावर पुढच्या २२-२३ मिनिटांत तो दोन-चार लक्सवर येतो. पौर्णिमेचं चांदणं अर्ध्या लक्सएवढंही नसतं, म्हणून चांदण्यानं दार उघडेल ही भीती नको. आणि दाट ढगांची दुपारही हजार लक्सच्या आसपास असते. म्हणजे आपण निवडलेला आकडा खरंच तिन्हीसांजेचा असेल तर ढग त्याला फसवू शकत नाहीत.

फसवतो तो अंगणातला बल्ब. पहिल्या आठवड्यात काकूंनी रात्री नऊला मागचा दिवा लावला आणि थोड्या वेळानं दार उघडलं. म्हणून एलडीआर एका काळ्या पाइपच्या दहा सेंटिमीटर तुकड्याच्या तळाशी बसवा आणि पाइपचं तोंड आभाळाकडं, दिव्यांच्या उलट दिशेला, थोडं तिरकं करा. तोंडावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा सिलिकॉननं चिकटवा. तिरका हवा, म्हणजे पाणी आणि फणसाचं पान त्याच्यावर थांबत नाही. पाइप बसवल्यावर आकडे पुन्हा बघावे लागतात, कारण आता सेन्सरला आभाळाचा तेवढाच तुकडा दिसतो.

मग चार संध्याकाळी लॅपटॉप घेऊन खुराड्यापाशी बसा. दुसऱ्या कुणाचे आकडे घेऊ नका, माझेही नको. सिरिअल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डानं पाठवलेले आकडे लॅपटॉपवर दाखवणाऱ्या खिडकीत, दर दहा सेकंदांनी आकडा उमटेल असं करा आणि वहीत दोन गोष्टी लिहा: पहिली कोंबडी आत गेली तेव्हाचा आकडा आणि शेवटची गेली तेव्हाचा. शेवटची कोंबडी महत्त्वाची. काकूंच्या कळपात एक तांबडी आहे, सगळ्या गेल्यावरही ती परड्यात टोचत राहते. ती आत गेली तेव्हा माझा आकडा १९० ते २१० च्या मधे होता. म्हणून दार लावायचा आकडा मी १२० धरला. सकाळी उघडायचा २६०.

दोन वेगळे आकडे का? एकच धरला तर संध्याकाळी उजेड त्या आकड्याच्या आसपास खालीवर होत असताना दार लाग-उघड, लाग-उघड करत बसतं. १२० च्या खाली लागायचं आणि २६० च्या वर उघडायचं, मधल्या पट्ट्यात काहीच करायचं नाही. फ्रिज आणि इस्त्रीतले थर्मोस्टॅट याच रीतीनं चालतात.

प्रोग्रॅमचा विचार

इथं ओळीन् ओळ देत नाही, विचार देतो. तो पक्का झाला की आर्डुइनोत लिहायला पाऊण तास लागतो.

बोर्डानं एक गोष्ट नेहमी लक्षात ठेवायची: दार आत्ता उघडं आहे की बंद. ही नोंद ईईपीरॉममध्ये, म्हणजे बोर्डाच्या कायमच्या मेमरीत ठेवा, म्हणजे लाईट जाऊन आली तरी ती राहते. ईईपीरॉमचा एक कप्पा एक लाख वेळा लिहिता येतो. आपण दिवसातून दोनदा लिहिणार, त्यामुळं झिजण्याची काळजी नाही.

उजेड एकदा वाचून भागत नाही. १६ वेळा वाचून सरासरी काढा. मग असं बघा: दार उघडं आहे आणि सरासरी १२० च्या खाली आहे? असेल तर वेळ मोजायला सुरू करा. मधेच ती वर गेली तर मोजलेली वेळ पुसून टाका. सलग दहा मिनिटं खालीच राहिली तर दार लावा. सकाळी उलट: दार बंद, सरासरी २६० च्या वर, सलग दहा मिनिटं, मग उघडा. विजेचा लखलखाट, रस्त्यावरच्या गाडीचा झोत, सेन्सरवर बसलेला कावळा, यातलं काहीच दहा मिनिटं टिकत नाही.

ही दहा मिनिटं लिहिताना मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. प्रोग्रॅममध्ये वेळ मिलिसेकंदांत लागते, म्हणून मी लिहिलं १० गुणिले ६० गुणिले १०००. बरोबर उत्तर ६,००,०००. पण उनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि त्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. गुणाकार उतू जातो आणि हातात येतात १०,१७६. म्हणजे माझी दहा मिनिटं प्रत्यक्षात दहा सेकंदांची होती. त्यात भर म्हणजे तेव्हा मी दार लावायचा आकडा सूर्यास्ताच्या वेळचा, फार वरचा धरला होता. जूनमधल्या एका दुपारी आभाळ भरून आलं, फणसाखाली काळोखलं, आणि काकूंचा फोन आला, "अरे, तुझं दार दुपारीच लागून बसलंय बघ! कोंबड्या सगळ्या भायेर भिजायल्यात." मी बेळगावात मशीनवर, त्या तिथं पावसात. त्यांनी दांडा काढून दार हातानं उघडलं. त्या दिवशी मी दोन्ही चुका दुरुस्त केल्या आणि हातानं चालवायचं बटणही बसवलं.

दुरुस्ती साधी आहे. आकड्याच्या मागं यूएल ही दोन अक्षरं लावायची, आणि वेळ साठवायला अनसाइन्ड लाँग, म्हणजे ३२ बिटांचा मोठा पूर्णांक, वापरायचा. आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करून तुलना करा. बोर्डाचं घड्याळ सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं, पण अशी वजाबाकी केली तर तेव्हाही हिशोब चुकत नाही.

दार फिरवताना एकदम शेवटचा कोन सांगू नका. एक-एक अंश, दर ३० मिलिसेकंदांनी. १६० अंशांना पाच सेकंदांच्या जवळपास लागतात. लावताना शेवटचे ४० अंश राहिले की तीन सेकंद थांबा. दारात उभी असलेली कोंबडी तेवढ्यात आत किंवा बाहेर होते. मग पुढं. पोचल्यावर एक सेकंद थांबून सर्व्हो डिटॅच करा. पल्स बंद झाली की ती सैल सुटते, गुणगुण थांबते, दार डेड सेंटर धरून ठेवतं. पुन्हा चालवताना आधी जुना कोन राइट करा आणि मग अटॅच करा. उलट केलं तर बोर्ड नुकताच सुरू झालेला असताना पहिल्याच क्षणी ती मध्यावर झटका मारते.

बटण पिन २ आणि ग्राउंडच्या मधे, इनपुट पुलअप लावून, म्हणजे बोर्डाच्या आतलाच रेझिस्टर वापरून, मग वेगळा लागत नाही. एकदा दाबलं की दार उलट स्थितीत जातं आणि पुढचा तासभर सेन्सरचं ऐकत नाही. हा तासभर काकूंनी मागून घेतला. दुपारी खुराडं झाडताना दार मधेच हललेलं त्यांना नको होतं.

रीड स्विच पिन ३ ला. याच्याशिवाय काम अपुरं आहे. सर्व्होला फक्त स्वतःचा शाफ्ट कळतो. दांडा निसटला, दारात काटकी अडकली, तर तिला पत्ता नसतो, आणि बोर्ड म्हणतो बंद केलं. चुंबक दाराच्या मोकळ्या कडेला, स्विच चौकटीवर. दार लावल्यावर दोन सेकंदांत स्विच मिटला नाही तर दार पुन्हा उघडून एकदा प्रयत्न, तरीही नाही तर बझर. लाल एलईडी स्विच मिटल्यावरच पेटतो. तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा लावलाय, त्यामुळं काकू भाकरी थापता थापता बघतात.

बसवताना

सगळं आधी टेबलावर जोडा, दाराशिवाय. दहा मिनिटांऐवजी दहा सेकंद ठेवून, पाइपवर हात झाकून तपासा. नंतर दहा मिनिटं परत घालायला विसरू नका. मी त्यासाठी बॉक्सच्या आत चिठ्ठी चिकटवली होती.

हॉर्न बसवण्याची रीत अशी: बंद दाराचा कोन ० नको, १० धरा, म्हणजे दोन्हीकडं सरकवायला जागा राहते. बोर्डानं सर्व्हो १० वर नेऊ द्या, आणि मग हॉर्न शाफ्टवर दाबा, दांड्याच्या रेषेत. शाफ्टला २५ दाते असतात, म्हणजे एक दाता सरकला की १४.४ अंश. हातानं त्याहून बारीक जमत नाही, राहिलेला फरक प्रोग्रॅममध्ये एक-एक अंशानं काढा. बरोबर जमलं की नाही हे असं तपासा: दार बंद, सर्व्हो डिटॅच, आणि दार बाहेरून हातानं ओढा. किंचित हललं तर चालेल. सरकायला लागलं तर अजून दोन अंश द्या, पुन्हा ओढा. उघडं टोक १७० वर. काही सर्व्हो पूर्ण १८० अंश जात नाहीत. तशी आली तर बंद टोक नेमकं धरा आणि उघडं टोक जिथं येईल तिथं येऊ द्या.

बॉक्सला छिद्रं खालूनच. वरून किंवा बाजूनं पाडलेल्या छिद्रातून जांबोटीचा पाऊस आत येतोच. वायर आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर वळवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून ठिपकतं. छिद्रं सिलिकॉननं बुजवा, ते मुंग्यांसाठी. ऊब आणि कोरडी जागा मिळाली की पावसाळ्यात त्या अंड्यांसह बोर्डावर येतात. सोल्डर केलेल्या जोडांवर नखांना लावायच्या रंगहीन पॉलिशचा एक हात द्या. आणि सर्व्होवर पत्र्याची छोटी टोपी, कारण कोंबड्या तिच्यावर बसायला बघतात.

पहिले पंधरा दिवस कुणीतरी रोज संध्याकाळी डोळ्यांनी बघायचं, दार लागलं का आणि सगळ्या आत आहेत का. यंत्र आत मोजत नाही. एखादी बाहेर राहिलीच तर तिच्यापुरतं दार बटणानं उघडावं लागतं. तांबडीसाठी आम्हाला तसं दोनदा करावं लागलं. मग दहा मिनिटांची पंधरा केली, तेव्हापासून ती वेळेत आत असते. महिन्यातून एकदा पाइपच्या तोंडावरचं प्लास्टिक पुसा. शेवाळ धरलं की यंत्राला संध्याकाळ लवकर होते. मृग लागायच्या आधी दांड्याची दोन्ही छिद्रं बघा, ती झिजून लांबट झाली असतील तर डेड सेंटर हुकतं. माझी पट्टी एका वर्षात थोडी झिजली होती. आता तिथं पितळी बुश घातलाय, लेथवरच काढलेला.

मागच्या दिवाळीत काका-काकू पाच दिवस गोव्याला लेकीकडं होते. शेजारची पोरगी सकाळी दाणे-पाणी करून जायची, संध्याकाळी कुणी नव्हतं. काकू रोज रात्री तिला फोन करून एकच विचारायच्या, "लाल दिवा दिसतोय का गं?" पाचही रात्री दिसला.